शेवटच्या एसटीआधी

नीउ-व्हेनेप, नेदरलँड्स, ३ फेब्रुवारी २०२५

ती. जयंतीआत्यास,
अपूर्वचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर ऑपरेशनचं नाव काढलं की तू कुकर उतरवायला पळतेस, म्हणून हे पत्र. हृदयाची झडप बदलली तर तू चांगली राहशील असं डॉक्टर म्हणतात. तू म्हणतेस, या वयात कशाला चिरफाड. इथे हॉटेलात तंदूरसमोर उभं राहून मला दुसरं काही सुचत नाही. परवा नान जळले.

रविवारी सलोनी नावाच्या मैत्रिणीने लायडनला स्पॅनिश सिनेमाला नेलं. ती तिथे प्रयोगशाळेत असते, स्पॅनिश शिकते. पडद्यावर डच अक्षरं, त्यामुळे ती कानात सांगायची. फार सावकाश सिनेमा. एक म्हातारी आजारी आहे, उपचार नको म्हणते. मुलं-नातवंडं जमतात, संत्री सोलतात, एकमेकांची चेष्टा करतात, पण तो विषय कुणीच काढत नाही. मला आपलंच घर दिसलं. मग म्हातारी अंगणात खुर्चीवर डोळे मिटून बसते, थोरली लेक हाक मारायला बाहेर येते, आणि तेवढ्यात मी उठलो. गाडी चुकली असती.

कराडला सिनेमा बघताना शेवटच्या एसटीसाठी तू मला असंच उठवायचीस आणि वाटेत शेवट रचून सांगायचीस. याचाही सांग.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
अपूर्व

कडेगाव, १७ फेब्रुवारी

चि. अपूर्वास अ. उ. आ.

कुकर उतरवून मग पत्र वाचलं. तिकडे गाड्या मध्यरात्रीपर्यंत असतात, हे मागे तूच लिहिलं होतंस. तू गाडीसाठी उठला नाहीस, घाबरलास. आणि त्या सलोनीला अंधारात एकटी सोडून आलास? शहाणाच आहेस.

शेवट ऐक. लेकीच्या हाकेने म्हातारी डोळे उघडते आणि विचारते, संत्री संपली का. मग सगळे एकदम बोलू लागतात. त्यांची भुणभुण थांबावी म्हणून ती एकदाची दवाखान्यात जाते.

दुसऱ्याच्या म्हातारीला दवाखान्यात धाडणं किती सोपं, असं वाटून पेन थांबलं. तुझ्या आईला ऑपरेशनची तारीख घ्यायला सांगितलं, ती मिळाली. मिरजेला, १८ मार्च. तू खरा शेवट बघून ये, पण मला आधी कळवू नकोस.

वेळेवर जेवत जा, म्हणजे माझी माया पोचली समजेन.

जयंतीआत्या

नीउ-व्हेनेप, २ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पुन्हा गेलो. दिवे लागेपर्यंत बसलो, शेजारी सलोनीही होती. शेवट सांगत नाही. एवढंच लिहितो, की बाहेर आल्यावर मला रडू आलं नाही. सपाटून भूक लागली.

आईला रोज फोन करायला सांग. तुझ्याकडून पत्र येईपर्यंत जीव टांगणीला आहे.

अपूर्व

कडेगाव, ९ एप्रिल

चि. अपूर्वास अ. उ. आ.

हे पत्र माझ्या हातचं आहे. अक्षर थोडं हललंय, छाती मात्र ठणठणीत आहे. जिना चढायची परवानगी मिळाली. तुझी आई पंख्याखाली बसवून संत्री सोलून देते, आणि आता घरात कुणीही कुठलाही विषय काढतं.

ती म्हातारी गेली ना रे? तू भूक लागली लिहिलंस, तेव्हाच कळलं. माणूस पोचवून आल्यावरच तशी भूक लागते. ते कळूनही मी मिरजेला गेले.

आता रजा काढून ये. सलोनीलाही आण. कराडला सिनेमाला जाऊ आणि शेवटपर्यंत बसू. एसटी गेली तर गेली, वडापची जीप मिळते.

तुझी वाट बघणारी,
जयंतीआत्या