देवदार बरा की बरदी: मेतवल्लीमामांच्या प्रश्नाचं उत्तर

आदरणीय मेतवल्लीमामा,

तुम्हाला, मामीला आणि कालव्याच्या दोन्ही काठांवरच्या यच्चयावत मंडळींना माझे हजार हजार सलाम. वाटेत काही सांडले तर कमी पडायला नकोत म्हणून वर शंभर जास्तीचे. मी इथे लेबनॉनच्या डोंगरात खुशाल आहे. मामीचा गुडघा काय म्हणतो? म्हैस व्याली का? कबुतरखान्याची कललेली बाजू पडली, की शेजारचा हमदी अजून "उद्या लिंपतो" असंच म्हणतोय? (पडली असेल तर मला कळवू नका. उगाच त्या कबुतरांची आठवण येते, आणि मग भूकही लागते.)

तुमचा निरोप मिळाला. बरदीची कापणी आली, महिनाअखेरपर्यंत परत ये आणि अर्धा फद्दान शेत सांभाळ, नाहीतर ते हमदीला देतो, असं तुम्ही म्हणता. खाली टोमणाही आहेच, "तुझ्या त्या देवदारात असं काय आहे रे, जे आपल्या बरदीत नाही?" मामा, शेताचं उत्तर मी देणार आहे, पळून जात नाही. पण प्रश्न तुम्ही झाडांचा विचारलात, तर आधी झाडांचा निकाल लावू. दोन्ही मी या हातांनी लावलीत. असा माणूस आपल्या अख्ख्या कारमूस गावात दुसरा निघायचा नाही.

आता बरदीचं मी तुम्हाला काय सांगू! गड्डा चिखलात खुपसला, पाणी सोडलं आणि पाठ फिरवली की वाढली. बुडाशी कापा, पुन्हा वर येते, वर्षातून तीनदा. तुम्ही दांड्या सोलून, पट्ट्या दाबून त्याचे पपायरसचे कागद करता, वर फारोचं चित्र काढता आणि पर्यटक ते डोळे पुसत घेऊन जातात. आणि देवदार? आमच्या मालकीणबाई सित नजला यांनी मी कामाला लागलो त्याच आठवड्यात एक रोप हातात दिलं. वीतभर. वय विचारलं तर म्हणाल्या, तीन वर्षं. मला वाटलं बाई थट्टा करतात. तीन वर्षांत आमच्याकडे पोरगं शेळ्या राखायला जातं!

पण थट्टा नव्हती. त्यांच्या घराण्याची रीत आहे, मूल जन्मलं की त्याच्या नावाने घरामागच्या उतारावर एक देवदार लावायचा. सासऱ्यांचा आहे, नवऱ्याचा आहे (नवरा गेला, झाड आहे), ब्राझीलला गेलेल्या मुलाचाही आहे. हे रोप त्या मुलाच्या मुलाचं, पाच वर्षांच्या रामेझचं, लावायचं राहूनच गेलेलं. पोराने आजीला अजून पाहिलं नव्हतं आणि आजीने पोराला. "चांगली जागा बघून लाव," एवढंच त्या म्हणाल्या आणि बहिणीकडे गेल्या. तिथेच घात झाला. मामा, तुमच्या हाताखाली वाढलेला माणूस चांगली जागा कशाला म्हणेल? मी उतारावरचे ते रखरखीत दगड बघितले आणि मनात म्हटलं, छे, घरच्या नातवाला धोंड्यांवर बसवायचं? झऱ्याचं पाणी जिथे साचतं तो कोपरा निवडला. काळी माती, घोट्यापर्यंत चिखल. पाहुण्याला गादी देतात तशी जागा दिली. वर रोज संध्याकाळी पाट फोडून पाणी सोडलं.

हिवाळा सरला तसं रोप पिवळं पडायला लागलं. आपल्याकडे शेत पिवळं पडलं की पाणी आणि माणूस पिवळा पडला की चहा. मी दोन्ही केलं. पाणी दुप्पट सोडलं आणि उरलेला चहाही बुडाशी ओतला, साखरेसकट. रोप आणखी पिवळं. अशात सित नजला नाचतच अंगणात आल्या (बाई सत्तरीच्या आहेत, पण नाचल्या). जुलैमध्ये मुलगा, सून आणि नातू येणार! रामेझला फोनवर झाडाचं सांगून ठेवलंय, तो रोज विचारतो, माझं झाड केवढं झालं? मी अकाबातलं काम सोडलं, अम्मानमधलं सोडलं, बैरूतमधला फरशीवाला सोडला, पण सगळीकडून मी आपल्या पायांनी निघालो होतो. हाकललं जायची ही पहिलीच वेळ येणार असं दिसलं.

तेव्हा मला तुम्ही आठवलात. निघताना तुम्ही ओल्या गोणपाटात बांधून दिलेला बरदीचा गड्डा मी स्वयंपाकघरात चुलीजवळ बादलीत जपला होता. तो त्या रोपाच्या पुढे रोवला, पडद्यासारखा. म्हटलं, देवदार दिसला नाही म्हणजे पिवळा आहे की हिरवा हे कोण सांगणार? आणि मामा, तुमच्या बरदीने लाज राखली! जुलैपर्यंत माझ्या डोक्यावरून दोन हात वर. शेंड्याला हिरवे झुबके, वारा आला की सळसळ. गावातली माणसं थांबून बघायची. सित नजलांना मी सांगितलं की हे रोपाला सावली म्हणून आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझ्याही अंगावर सावली पडली.

मंडळी आली. रडणं झालं, मिठ्या झाल्या, तांदूळ उधळून झाले. मग पोरगं आजीचा हात सोडून बागेत धावलं, थेट बरदीत घुसलं, दोन्ही हातांनी दांड्यांना मिठी मारली आणि त्यांच्या भाषेत ओरडलं. बापाने भाषांतर केलं, "म्हणतो, माझं झाड केवढं मोठं झालंय!"

बाप त्याच डोंगरात वाढलेला, त्याला देवदार कळत नाही थोडाच? तिथे जंगलाचे राखणदार अबू नायफ माते पीत बसले होते (माते म्हणजे इथलं कढत कडू पेय, एकच नळी सगळ्यांत फिरते). त्यांना असा ठसका लागला की माते नाकातून आलं. ते उठले, बरदी बाजूला केली आणि मागचं पिवळं काटकुळं सगळ्यांना दाखवलं. बोटांनी मुळं उकरून वास घेतला आणि मला म्हणाले, "अतवा, लेका, याला पाणी पाजलंस का पोहायला शिकवलंस?"

मी म्हटलं, "काका, मला वाटलं तहानलंय."

"अरे, देवदाराचे पाय कोरडे लागतात आणि डोकं थंड. तुझं नेमकं उलट आहे, म्हणून तुमचं जमलं नाही."

मी गाठोडं बांधायला निघालो. तर सित नजला कडाडल्या, "कुठे चाललास? पोराला सांगून ठेवलंय ना मी, त्याला एक झाड आहे म्हणून? आता दोन झाली. दोन्ही जगवायची आणि मग जायचं." हंगाम चुकीचा होता, पण अबू नायफनी रोप उतारावर दगडांत हलवलं आणि पाटाचं फावडं माझ्याकडून काढून स्वतःच्या घरी नेऊन ठेवलं. मामा, रोज संध्याकाळी माझे हात शिवशिवायचे. मी त्या रोपापाशी नुसता बसायचो, हात काखेत घालून. जन्मात इतकं काहीही न करता बसलो नव्हतो.

पहिल्या हिमाने बरदी काळी पडली. एका रात्रीत, कुजक्या दोरासारखी. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मग बर्फ कमरेपर्यंत चढलं, आणि त्यातून त्या रोपाचा फक्त शेंडा बाहेर, बोटाएवढा. मला वाटलं, गेलं हेही. पण बर्फ वितळलं तेव्हा त्या शेंड्यावर मसुराच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका होता! मी एवढा ओरडलो की अबू नायफ वणवा लागला समजून बादली घेऊन धावत आले. (मी आधी बादली हिसकावून ओतून टाकली, मग ठिपका दाखवला.) त्या दिवशी सित नजलांनी माझ्यासाठी आपल्या कारमूसच्या पद्धतीने मुलूखियाची पालेभाजी केली, पानं बारीक चिरून. इथली माणसं पानं अख्खीच शिजवतात, अल्लाह त्यांना माफ करो. वर लसणाची फोडणी घालताना मामी घेते तसा जोरात श्वासही घेतला (त्याशिवाय चव येत नाही हे मीच त्यांना सांगितलंय). मी तीन ताटं खाल्ली.

तेव्हा निकाल असा. बरदी पटकन वाढते, देवदार वाढतच नाही. बरदी कापली तर पुन्हा येते, देवदार कापला तर अबू नायफ येतात. बरदीवर पोट चालतं, देवदारावर नुसती मान दुखते, तीही तो मोठा झाला तर. बागेत लावायला बरदीच श्रेष्ठ, हे कोणत्याही पंचापुढे सांगायला मी तयार आहे. तुम्ही जिंकलात. तुमचे हात चुंबतो, मामीच्या गुडघ्याला दुवा देतो.

तुमचा भाचा,
अतवा

ता. क. एक नवा गड्डा पाठवा. रामेझ ब्राझीलहून विचारतो, माझं उंच झाड कुठाय? आजीने सांगितलंय की ते इजिप्तला आजोळी गेलंय.

दुसरा ता. क. शेत हमदीला द्या. मामा, रागावू नका, आधी पुरतं वाचा. अबू नायफ जंगलाच्या रोपवाटिकेसाठी माणूस शोधताहेत, आणि पाणी न घालता बसू शकणारा त्यांना दुसरा कोणी भेटला नाही. मी त्यांना विचारलं, आपल्या रोपाला पहिला शंकू, म्हणजे देवदाराचं फळ, कधी लागेल? म्हणाले, नशीब चांगलं असेल तर चाळीस वर्षांनी. मी म्हटलं ठीक आहे, तो बघतो आणि लगेच निघतो.

तिसरा ता. क. मामीला एकदम चाळीस सांगू नका. आधी पुढच्या ईदपर्यंत म्हणा, मग हळूहळू वाढवत न्या.