घुमटाखालचे गोल टेबल

मी, झेनॉन व्रुबेल, वय एक्क्याऐंशी, राहणार बफेलो, न्यूयॉर्क राज्य, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत. डोके आणि कान जागेवर आहेत. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

माझी खानावळ ही मुळात बँकेची, मोठा घुमट असलेली इमारत. बँक बंद पडून ती कबुतरांची झाली होती, तेव्हा मी पोलाद कारखान्यात भट्टीवर होतो. पगारातून साठवून ती घेतली. लोक हसले. तिजोरीच्या खोलीत आंबवलेल्या कोबीची पिंपे ठेवली तेव्हा आणखी हसले, आणि मग जेवायला आले.

माझी सर्व शिल्लक आणि मोटार पुतण्या रिशार्ड यास द्यावी. इमारत देऊ नये.

इमारत, भटारखाना व तिजोरी पिंपांसह हलिना माझुर हिला द्यावी. ती सव्वीस वर्षे माझ्याकडे स्वयंपाक करते.

कारण आजवर कुणाला सांगितले नव्हते. खिडकीजवळच्या गोल टेबलाशी कुजबुजलेले शब्द घुमटावरून फिरून थेट माझ्या गल्ल्यापाशी उतरतात. गेल्या ईस्टरला रिशार्ड तिथे बसून एका बिल्डरला म्हणाला, "काका गेले की पुढची भिंत तेवढी ठेवू. ऐतिहासिक वास्तू म्हणून पाटी ठोकू, मागे फ्लॅट काढू. म्हाताऱ्यांना काय, पाटी पुरते."

त्याच आठवड्यात, त्याच टेबलाशी हलिना गिऱ्हाइकांना म्हणाली, "हे बंद झालं तर बर्फात तुम्ही सगळे जाणार कुठे? मी नाही बंद होऊ देणार. मालक मात्र एक नंबरचा कंजूष! मिरी घालताना माझ्या हाताकडे बघत बसतो."

मिरीचे खोटे आहे. बाकीचे मला पटले.

हलिनाने घुमटाखाली नकली छत टाकू नये. एका कॉफीवर दुपार काढणाऱ्याला उठवू नये. गल्ल्यावर स्वतः बसावे, आणि ऐकलेले पोटात ठेवावे.

रिशार्डला पुढच्या भिंतीची एवढी माया आहे, म्हणून तिचा चौकटीतला फोटो त्याला वेगळा द्यावा.

माझी शिडी शेजारी लेनर्ड कुबियाक याच्याकडे बरीच वर्षे आहे. ती त्यालाच दिली. आता त्याने ती उजळ माथ्याने वापरावी.

हे लिहीत असताना दोन्ही साक्षीदार गोल टेबलाशी बसले आहेत. नॉर्बर्ट कुजबुजतो आहे, "एवढं लिहितोय, आपल्यालाही काही ठेवलं असेल का गं?"

डेल्फीन म्हणते, "साक्षीदाराला काही मिळत नसतं, येड्या. म्हणून तर आपल्याला बोलावलंय."

ऐकू आले. दोघांची आजची कॉफी माझ्याकडून. ती मी जिवंतपणी देत असल्याने कायद्याची आडकाठी नाही.

(सही) झेनॉन व्रुबेल

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली:
१. नॉर्बर्ट पिस्कोश, निवृत्त बसचालक
२. डेल्फीन गेन्स, निवृत्त ग्रंथपाल

स्थळ: बफेलो, गल्ल्यापाशी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०१७