हिवाळ्यात मुद्दाम दक्षिणेला

मी, ऑस्वाल्ड बस्त्याव तुस्कानो, वय एकाहत्तर, जन्म गिरीज, तालुका वसई, धंद्याने फिटर, सध्या निवृत्त, टपालासाठी पत्ता वॉलॉंगॉंग आणि राहायचा पत्ता चार चाकांवर, आज डोकं ठिकाणावर, चष्मा नाकावर आणि समोर गरम चहा असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. मी हे मुद्दाम लिहीत आहे. 'मुद्दाम' हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे, वाचणाऱ्याने लक्षात ठेवावा.

लिहिण्याचं कारण: येत्या गुरुवारी ॲडलेडच्या इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, रूटीन आहे. त्यांच्यासाठी असेल, माझी पहिलीच वेळ आहे. झडपा मी चाळीस वर्षं बदलल्या, पण त्या पाइपांच्या. त्यामुळे जुनी काढल्यावर ती मला दाखवावी असं मी त्यांना सांगून ठेवलंय. कुठे झिजली ते बघायचंय.

याआधी मी केलेली सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. जोॲनने याचं अधिकृत इंग्रजी भाषांतर करून घ्यावं, आणि भाषांतर करणाऱ्याने मधली बडबड गाळू नये.

कलम पहिलं. वॉलॉंगॉंगचं घर माझी मुलगी जोॲन हिला. ती तिथे राहतेच आहे. मागच्या अंगणातलं लिंबाचं झाड तोडायचं नाही. बँकेत जे काही आहे ते माझी पत्नी कार्मेल हिचं, आणि तिच्यानंतर दोन्ही मुलांचं सारखं. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कलम दुसरं. माझी हत्यारं, म्हणजे पान्यांचे दोन्ही संच, पाइप रेंच आणि लाल पेटी, मुलगा अ‍ॅरन याला. तो ब्रिस्बेनला स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये राहतो आणि नळ गळला की फोन करून माणूस बोलावतो. प्रत्येक पान्यावर मी चिठ्ठी चिकटवली आहे. बाळा, उजवीकडे फिरवलं की घट्ट होतं. एवढं आलं की बाकी येतं.

कलम तिसरं, आणि खरं म्हणजे याच्यासाठीच बसलोय. एकवीस फुटी कॅरव्हॅन आणि ती ओढणारी गाडी, दोन्ही, कार्मेलची. एकटीची. ती विकावी, ठेवावी की घेऊन फिरावं हे कार्मेल ठरवेल. मुलांनी ठरवू नये.

हे लिहावं लागतंय, कारण जून महिन्यात डॉक्टरांनी मला गाडी चालवायला बंदी केली तेव्हा आम्ही रोबला होतो, समुद्राकाठी, आणि तासाभरात अ‍ॅरनचा फोन आला. "डॅडी, जस्ट सेल इट. व्हॅन तिथेच सोडा. मम्मी आमच्या घरामागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये राहील, नो वरीज." जोॲनही त्याच कॉलवर होती, तिने री ओढली. पोरं प्रेमाने बोलत होती, हे मला कळतं. पण मम्मीला विचारलं नाही कोणी. फोन स्पीकरवर होता. कार्मेल बोंबील तळत होती, तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "विकायला कुणाला काढलंय रे, गाडीला की मला?"

मग तिने गॅस परत मोठा केला.

आता ही गाडी हिवाळ्यात दक्षिणेला का असते, तेही नोंदवतो. या देशात हिवाळा जून ते ऑगस्ट, आणि दक्षिणेला जावं तितकी थंडी जास्त, म्हणून तेव्हा सगळे व्हॅनवाले वर उबदार क्वीन्सलंडला पळतात. आम्ही २०१७ पासून, कोविडची दोन वर्षं सोडली तर, दर जूनमध्ये खाली येतो. माझा पोर्ट केम्बलाच्या कारखान्यातला जुना सहकारी संजीव वरून ग्रुपवर हाफपँटमधले फोटो टाकतो: "इथे सव्वीस डिग्री! तिकडे काय?" तिकडे काय, ते त्याला कसं सांगणार? रिकाम्या कॅरव्हॅन पार्कात आपण दोघंच. किनाऱ्यापासून हाकेवर व्हेल मासे पिल्लं घेऊन येतात. माउंट गॅम्बियरला एक तळं आहे, ते हिवाळाभर पत्र्यासारखं करडं असतं आणि म्हणे नोव्हेंबरात एकदम निळं होतं. का होतं? रेंजरने मला चुन्याचं कारण समजावलं, मी दोनदा विचारलं, अजून पुरतं पटलेलं नाही. आणि मी ते निळं कधी बघितलेलंच नाही, कारण ऑगस्टअखेर परत फिरायचं हा माझाच नियम. असला गाढव नियम कोणी करतं?

अवधूत, ज्याच्या घरी बसून मी हे लिहितोय, मला एकदा म्हणाला, "ऑस्वाल्डकाका, आमच्यात दक्षिण ही यमाची दिशा." म्हटलं, सात हिवाळे जातोय, अजून गाठ पडली नाही. त्यालाही थंडी सोसत नसेल.

कलम चौथं. संजीवला माझी लोकरी अंतर्वस्त्रं, वरची-खालची चार जोड, धुतलेली. एकदा खाली येऊन दाखव. ही खुन्नस आहे, पण त्याच्यावर एक उपकारही बाकी आहे, तो पुढच्या कलमात.

कलम पाचवं. कबुली. ही मालमत्ता कार्मेलची.

निवृत्त झालो तेव्हा मी इंटरनेटवरून एक लेख छापून आणला होता. त्यात एक नवरा-बायको घरदार सोडून कायमचे गाडीत राहतात आणि हिवाळा दक्षिणेच्या राज्यांत काढतात. ऊन, मोकळे रस्ते, सगळं झकास. मला पटलंच. आमच्या लहानपणी थंडीत कोणी फिरायला निघालं तर केरळातच जायचं, दक्षिण म्हणजे ऊब हे डोक्यात पक्कं. मी जून ते ऑगस्टचं सगळं बुकिंग करून मोकळा झालो: व्हिक्टोरिया, मग साउथ ऑस्ट्रेलिया. लेख मोठ्या ऐटीत संजीवला दाखवला. त्याने वाचला आणि हळूच विचारलं, "ऑसी, यात अलाबामा लिहिलंय. ते आपल्याकडे कुठे आलं?"

लेख अमेरिकेचा होता! पंचवीस वर्षं या देशात काढून मी अमेरिकेची दक्षिण घेऊन इथे निघालो होतो. संजीवने आजवर हे कोणालाही सांगितलं नाही. उपकार तो हा.

कार्मेलने तेव्हाच विचारलं होतं, "अरे, थंडीत सगळे वर जातात, तू मला खाली कुठे नेतोस?" मी म्हणालो, "मुद्दाम." पहिल्या सकाळी पाण्याची नळी गोठून काठीसारखी झाली. "हे पण मुद्दाम?" "हो, मुद्दाम." सात हिवाळे मी त्या शब्दावर अडून बसलो. आज कायद्याच्या साक्षीने लिहून देतो: चुकलो होतो. कार्मेलने हे वाक्य हवं तेव्हा, हवं त्याच्यासमोर, कितीही मोठ्याने वाचावं.

आता गंमत ऐका. काल या मृत्युपत्रासाठी मी व्हॅनमधल्या सामानाची यादी करत होतो. चमच्यांचा खण रिकामा केला, खालचा कागद उचलला, तर तोच लेख! पालथा घालून, कोपरे नीट कापून अंथरलेला. 'अलाबामा'खाली पेनाने रेघ.

"हे कधीपासून इथे?"

"पहिल्या हिवाळ्यापासून," कार्मेल म्हणाली. "तुझ्या जॅकेटच्या खिशात होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला बघायचं होतं, किती वर्षं मुद्दाम म्हणतोस ते. आणि दुसऱ्या वर्षी मलाच यायचं होतं. ते व्हेल बघितल्यावर वर कोण जाणार?"

मला हसूही आलं आणि रडूही. कबुली तरीही तिलाच. आधी माहीत होती म्हणून कमी होत नाही.

कलम सहावं. कार्मेलला व्हॅन जमेल का, अशी शंका मुलांना आहे. म्हणून आज सकाळी घडलेलं नोंदवतो. रोबपासून इथे ॲडलेडच्या मॉसन लेक्सपर्यंत गाडी तिने चालवली. अवधूतचा ड्राइव्हवे अरुंद, एका बाजूला टपालपेटी, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची नवी गाडी. आजवर रिव्हर्स मी घ्यायचो आणि कार्मेल पिवळा रेनकोट घालून मागे उभी राहायची: "येऊ दे, येऊ दे, डावीकडे... बस्स!" एकदा एक म्हातारा व्हॅनवाला कुतूहलाने विचारून गेला, "विच बस, मेट?"

आज मागे मी उभा राहिलो. पहिल्यांदाच. आणि मला कळलं, मागे उभं राहिलं की चालवणाऱ्याचं तोंडसुद्धा दिसत नाही. एवढं मोठं पांढरं धूड अंगावर येतं आणि आपल्याजवळ फक्त आवाज. कार्मेल सात वर्षं अशी उभी होती. मी ओरडलो, "येऊ दे, येऊ दे, बस्स!" आणि व्हॅन जागच्या जागी थांबली. एका झटक्यात, एका फटक्यात.

मी कधीच तसा थांबलो नाही. तिचं 'बस्स' ऐकून दरवेळी हातभर आणखी मागे घ्यायचो. मला वाटायचं, फिटर मी आहे, अंदाज माझा. मागच्या बंपरचा पोचा आणि माउंट गॅम्बियरचा मोडलेला नळ, दोन्ही त्या हातभरातले. एकदा मी खांबाला दोष दिला, एकदा नळाला. हेही कबुलीत धरावं.

सारांश, तिला जमतं. माझ्यापेक्षा चांगलं जमतं. ग्रॅनी फ्लॅटमध्ये अ‍ॅरनने सायकली ठेवाव्यात.

कलम सातवं. मी वाचलो तर नोव्हेंबरपर्यंत इकडे दक्षिणेतच थांबायचं आणि माउंट गॅम्बियरचं तळं निळं होताना बघायचं. नाही वाचलो तर कार्मेल, तू एकटी जा आणि बघ. नेमका कुठल्या बाजूने रंग चढतो ते बघून ठेव. मला कसं सांगायचं ते तुझं तू ठरव, तुझा देवावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

कलम आठवं, शेवटचं. मला वॉलॉंगॉंगला पुरावं. भाषणं नकोत, फादरांनी आटोपतं घ्यावं. पेटी खाली सोडताना कार्मेलने पिवळा रेनकोट घालून खड्ड्याच्या कडेला उभं राहावं आणि नेहमीच्या आवाजात म्हणावं, येऊ दे, येऊ दे. लोक बघतील, बघू देत. मग बस्स म्हण, कार्मेल. या वेळी तू म्हणशील तिथेच थांबेन. हातभरसुद्धा पुढे जाणार नाही.

वरचं सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचलं आणि सही केली. कार्मेलला यातलं बरंच काही मिळायचं असल्यामुळे ती साक्षीदार होऊ शकत नाही. ती बाहेर व्हॅनची चाकं तपासते आहे.

सही: ऑस्वाल्ड बस्त्याव तुस्कानो

साक्षीदार: १) अवधूत, घरमालक (सही) २) स्वरदा, त्यांच्या पत्नी (सही). आम्ही दोघांनी ऑस्वाल्डकाकांना शुद्धीत आणि हसत हसत सही करताना पाहिलं.

स्थळ: मॉसन लेक्स, साउथ ऑस्ट्रेलिया
दिनांक: शनिवार, १२ जुलै २०२५, दुपारी