चार नंबरच्या खोलीचा खुलासा

गुरुजी, तुमची चार नंबरची खोली परवा पाडली. सांगोल्याहून जेसीबी आला आणि दुपारच्या सुट्टीच्या आत काम संपलं. पोरांना मी मुद्दाम लांब लिंबाखाली बसवलं होतं, पण धुरळा उठल्यावर कोण ऐकतंय! सगळी कुंपणाला चिकटून टाळ्या वाजवायला लागली. मी त्यांच्यावर ओरडले, आणि मग माझं मलाच कळेना की ओरडण्यासारखं त्यात काय होतं. तीन वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होते. तरी भिंत आडवी झाली तेव्हा मी पाठ फिरवली. त्या भिंतीला टेकून मी बाराखडी गिरवली होती, आणि तिचा निम्मा गिलावा तुमच्या हातचा होता.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, पण तुमचा रविवार मला अजून दिसतो. धोतर खोचलेलं, सदरा खुंटीला, आणि तुम्ही शिडीवर. गावात कुणाचं बांधकाम निघालं की उरलंसुरलं सिमेंट तुम्ही सायकलवर घालून शाळेत आणायचा, आणि आम्ही पोरं ओढ्यातून पाटी पाटी वाळू वाहायचो. वर अर्ज करायचा आणि उत्तर येईपर्यंत आपण लिंपायचं, अशी तुमची पद्धत. उत्तर कधी यायचं नाही आणि तुमचं लिंपणं कधी थांबायचं नाही. आमच्या घरी आई म्हणायची, हा माणूस मास्तर आहे का गवंडी, एकदा विचारून ये.

मी तिसरीत असतानाची ती तपासणी तुम्हाला आठवत असेल. आठ दिवस शाळा नुसती घासत होतो आम्ही. भिंतींना चुना, खाली गेरूचा पट्टा, दारात रांगोळी, आंब्याचे टहाळे. साहेब आले, खूश झाले, आणि जाता जाता सहज विचारलं, शाळेत काही अडचण आहे का? तुम्ही नाही म्हणायच्या आत मी उभी राहिले आणि सांगितलं की पावसाळ्यात माझ्या डोक्यावर गळतं. वर्ग हसला. तुमचा चेहरा मात्र असा उतरला की मला वाटलं आता छडी. साहेबांची जीप गेली, तुम्ही मला जवळ बोलावलंत, आणि आवाज न चढवता म्हणालात, "पोरी, पावन्याफुडं आपल्या घरातलं उणं काडायचं न्हाय. आपली शाळा हाय ती." मग स्वतःच्या डब्यातला शेंगदाणे-गुळाचा लाडू माझ्या हातावर ठेवलात. छडी परवडली असती. तो लाडू खाताना मला जे रडू आलं ते आवरेचना. त्यानंतर शाळेचं उणं मी कधीच कुणापुढं काढलं नाही.

मला नोकरी लागली, पहिलीच नेमणूक लांब, केम गावाच्या बाजूला. तुम्ही एसटी स्टँडवर आलात, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलंत. मला वाटलं पेनचा संच असेल. गाडी सुटता सुटता उघडून बघते तर गवंड्याची थापी! तुम्ही खिडकीखालून सांगत होता, "खडू सरकार देतंय. ही कुनी देत न्हाय." खरं सांगू, तेव्हा मी रुसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं तर मी ती पिशवीत लपवली. पुढं तीन शाळांत तीच थापी माझ्या कपाटात राहिली आणि पेनं किती आली न् गेली त्याचा पत्ता नाही.

सहा वर्षांपूर्वी बदली होत होत मी आपल्याच शाळेत आले, तुमच्याच खुर्चीत मुख्याध्यापिका म्हणून. चार नंबरच्या खोलीला तेव्हा कोपऱ्यात भेग होती. दोन पावसाळ्यांत तिच्यात पोराचा पंजा जायला लागला. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. मी अर्ज केला, मग स्मरणपत्र केलं, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. कधी आचारसंहिता, कधी मार्च अखेर, कधी पुढच्या आराखड्यात घेऊ. शेवटी निरोप आला की इंजिनिअर साहेब पाहणीला येताहेत. आणि गुरुजी, मी काय केलं असेल? शाळा सजवायला घेतली! गावातल्या बाया चुना घेऊन आल्या, पोरींनी रांगोळी काढली, आणि मी पदर खोचून, तुमची थापी घेऊन, दोन रविवार घालवून ती भेग बुजवली. इतकी छान बुजवली की हात फिरवून बघितलं तरी कळू नये. पाहुणा येणार, आणि भिंत अशी तोंड वासलेली कशी ठेवायची?

साहेब आले, तरुण होते. गुलाबाचं फूल घेतलं, भाकरी आणि शेंगाची चटणी जेवले, चटणी आवडली म्हणाले तर मी ती बांधूनही दिली. तालुक्यात इतकी देखणी शाळा बघितली नाही असं चारचौघांत म्हणाले. माझी छाती फुगली. महिन्याभरानं अहवाल आला, इमारत सुस्थितीत, दुरुस्तीची आवश्यकता नाही. बिचाऱ्यानं जे दिसलं ते लिहिलं. तो कागद मी कपाटात तुमच्या थापीखाली ठेवून दिला.

पुढच्याच पावसाळ्यात स्लॅबचा एक मोठा तुकडा पहिल्या बाकावर पडला. रविवार होता म्हणून, नाहीतर आज हे लिहायला मी शुद्धीवर नसते. खोलीला कुलूप लावलं आणि तिसरी-चौथी बिरोबाच्या देवळात नेली. फळा खांबाला टेकवायचा, शेळ्या हाकलायच्या आणि शिकवायचं. कुणी नवसाचं माणूस येऊन घंटा वाजवली की सातचा पाढा मध्येच सोडून सगळी पोरं हात जोडायची. हसू यायचं, पण पट उतरत चालला होता. ज्यांना जमत होतं ते पोरांना सांगोल्याच्या गाडीत बसवून इंग्रजी शाळेत धाडत होते. पट विसाच्या खाली गेला की आपली शाळा पलीकडच्या शाळेत विलीन होणार, असं तोंडी कानावर आलं होतं. पलीकडं म्हणजे ओढा आणि मोठा रस्ता ओलांडून. तिकडं पोरी जाणार नाहीत हे तुम्हाला मी काय सांगू? मेंढरं राखणाऱ्या घरातली एक आई एकदा देवळाच्या पायरीवर बसून म्हणाली, "मॅडम, तुमच्यावर इस्वास हाय. पन पोरगी किती दिस देवळात बसवू? न्हायतर ह्या साली मेंढरामागं नेती." मेंढरामागं गेलेली पोर परत वर्गात येत नसते.

पुन्हा अर्ज, पुन्हा स्मरणपत्रं झाली, आणि दुसऱ्या पाहणीला मी रांगोळी काढू दिली नाही. आदल्या दिवशी मीच छिन्नी-हातोडीनं माझा गिलावा फोडला आणि भेग मोकळी केली. नव्या साहेबांनी खोली धोकादायक लिहिली. तिथंच घोडं अडलं. तीन वर्षांपूर्वी सुस्थितीत आणि आता धोकादायक, हे कसं? भेग कुणी आणि कधी बुजवली याचा मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा करावा, असं पत्र आलं. मी बुजवली असं लिहून द्यायला मी तयार होते, गुरुजी, शप्पथ. कागद घेऊन तालुक्याला गेलेसुद्धा. तिथल्या लिपिकानं वाचून तो परत माझ्याकडं सरकवला. म्हणाला, "तुमची चौकशी लागली की फाईल दोन वर्सं हलत न्हाय बघा. जुनं काम हाय म्हनून लिवा की." दोन वर्षं! ती पोरगी डोळ्यांसमोर आली, आणि मी त्याच टेबलावर दुसरा कागद घेतला. सदर भेग माजी मुख्याध्यापकांच्या कार्यकाळात बुजविण्यात आली होती, असं लिहिलं आणि तुमचं पूर्ण नाव घातलं. फाईल पंधरा दिवसांत मंजूर झाली.

हे गावात झिरपायचं राहतंय होय? काल तुमच्या घरून काकू शाळेत आल्या. आता काठी घेऊन चालतात, पण पदराला गाठ मारून शेवग्याच्या शेंगा आणल्याच होत्या. पाडलेल्या जागेकडं बघत बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यांच्या नावानं कायतरी लिवलंय म्हनं कागदावर." मी मान हलवली. "ह्यांनीच बुजवली असंल. लई खोड व्हती. पोरास्नी खोली व्हतीय न्हवं? मग असू दे की." तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी चहा ठेवला, शेंगा घेतल्या आणि त्यांना हाताला धरून घरापर्यंत सोडून आले.

मेंढरंवाल्यांची ती पोरगी अजून पटावर आहे. सोमवारी पाया खणायला घेतील. तुम्ही असता तर मला रागावला असता का लाडू दिला असता, ते मला ठरवता येत नाही. या पाकिटावर पत्ता घालायची वेळ येणार नाही, म्हणूनच इतकं धिटाईनं लिहिते आहे. तर तेही लिहून टाकते. त्या टेबलावर तुमच्या नावाच्या आधी मी 'कै.' लिहिलं, ते बघून लिपिक म्हणाला, मयत आहेत तर मग काहीच अडचण नाही. आणि गुरुजी, चौदा वर्षांत पहिल्यांदाच, तुम्ही नाही आहात याचं मला बरं वाटलं.