शंका असेल तर कमी गुण

अण्णा,

संध्याकाळी तुम्हाला नेमके किती दिसत होते, हे मला विचारायचे आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते आणि हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नव्हता, निदान मला तरी नाही. तो पडला या वर्षी, टेक्ससमधल्या शुगर लँड नावाच्या गावी, अंगात पांढरा कोट आणि हातांत दोन पांढरी निशाणे घेऊन एका मैदानाच्या टोकाला उभी असताना. प्रश्न तुमच्याविषयी आहे असे मी स्वतःला बजावते. खरे तर तो माझ्याविषयी आहे. दिवस कलला की माझ्या नजरेच्या दोन्ही कडा हल्ली विझत जातात. समोरचे लख्ख दिसते, अगदी दूरचेसुद्धा; बाजूचे मात्र नाहीसे होते, आणि ते नाहीसे झाले आहे हेही लवकर कळत नाही. तुमचे असेच सुरू झाले होते का?

माझा आणि मैदानाचा संबंध यावा, याचे तुम्हाला हसू येईल. शाळेत खो-खोच्या तासाला मी ग्रंथालयाची किल्ली मागून घेत असे. इथे मी संख्याशास्त्रात संशोधन करते आणि नागपूरच्या एका मुलीबरोबर राहते. ती फिजिओथेरपी शिकते. इथल्या तेल कंपन्यांतले ऑस्ट्रेलियन इंजिनिअर त्यांच्या देशातला फुटबॉल इथे हौसेने खेळतात, आणि त्यांच्या एका संघाच्या घोट्यांना पट्ट्या बांधायचे काम तिने पत्करले होते. वसंतात एके दिवशी ती म्हणाली, "त्यांना गोल अंपायर पाहिजे. प्रत्येक टीमनं आपला एक माणूस द्यायचा असतो, अन् आमच्याकडे कुणी भेटून नाही राहिलं. तुला काहीच करायचं नाही नं. कोट घालायचा अन् उभं राहायचं."

"मला त्यातलं काही कळत नाही," मी म्हटले.

"नियमांचं पुस्तक आहे नं. तुझ्यासारखीला पुस्तक दिलं की झालं. उद्यापर्यंत पाठ करशील."

तिचे म्हणणे खरे ठरले. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. वर आडवा दांडा नाही, मागे जाळी नाही. मधल्या दोन खांबांतून चेंडू पायाने मारून पार केला की सहा गुण. पण वाटेत कुणाचे बोट जरी त्याला लागले, किंवा तो कडेच्या फटीतून गेला, तर एकच. हे ठरवायला रेषेवर जी व्यक्ती उभी असते, ती मी. मैदानातल्या पंचाने 'ऑल क्लिअर' म्हटले की मी सहा गुणांसाठी दोन निशाणे हलवायची, एका गुणासाठी एक. मग दुसऱ्या टोकाचा अंपायर तितकीच निशाणे हलवून पोच देतो. आणि शेवटी एक नियम: शंका असेल तर कमी गुण द्यावेत. ते वाक्य मी अधोरेखित केले, परीक्षेत हमखास विचारतात त्या वाक्यांसारखे. मला कधी शंका येईल, असे मात्र वाटले नव्हते. स्पर्धेचे दोन गट होते. आमचा संघ खालच्या गटातला. हंगामाच्या अखेरीस खालच्या गटात जो पहिला येईल तो वर जाणार. आमचा आजवर कधीच गेला नव्हता.

उकाड्यामुळे सामने दुपार उतरल्यावर सुरू होत. सुरुवातीला दिवस मोठे होते, त्यामुळे शेवटच्या सत्रातही भरपूर उजेड असे. मला भीती वाटायची ती अंगावर धावत येणाऱ्या धिप्पाड माणसांची, आणि तीही मला जुन्या ओळखीची वाटायची. भित्रेपणा माझा सोबतीच आहे. पण उन्हाळा सरत गेला तसा शेवटच्या सत्रातला उजेड पिवळा होऊ लागला, आणि एके दिवशी मी मागे सरताना सरळ खांबावर आदळले. खांबाला गादी गुंडाळलेली असते म्हणून लागले नाही. मैत्रीण लांबून ओरडली, "अगं, त्या खांबाशी लग्नच लाव आता." सगळे हसले, मीही हसले. पुढच्या सामन्याला मी लवकर गेले आणि खांब कुठे, रेषा कुठे, जमीन कुठे खचली आहे, हे सगळे चालून चालून पाठ केले. चेंडूला बोट लागले की चामड्याचा आवाज जरा बसका येतो, तो ओळखायला शिकले. घरी मात्र सारे पाठ करूनही उपयोग होत नसे. डिशवॉशरचे दार खाली उघडते आणि पायांत येते. माझ्या नडग्या कायम काळ्यानिळ्या. "काहून गं, घुबडासारखी सारी मान फिरवून पाहतेस?" मैत्रिणीने एकदा विचारले. मी म्हटले, "सवय आहे." हे उत्तर तोंडातून निघाले आणि मी दचकले, कारण ते शब्द माझे नव्हते, तुमचे होते. आई तुम्हाला विचारायची, "अहो, सारखी मान काय वळवता?" आणि तुम्ही म्हणायचा, "सवय आहे."

त्या रात्रीपासून मी तुम्हाला पुन्हा वाचू लागले. मी सातवीत आहे. तुम्ही आमच्या वर्गाला मराठीचा धडा वाचून दाखवता आहात. आभाळ भरून आले आहे, वीज गेली आहे, वर्गात पुस्तकातली अक्षरे आम्हालाच धड दिसत नाहीत. पण तुमचा आवाज कुठे अडखळत नाही. मी पहिल्या बाकावर बोट ठेवून सोबत वाचते आहे. पान संपते, मी उलटते. तुम्ही उलटत नाही आणि तरी वाचत राहता. मी हात वर करून, शाळेत तुम्हाला म्हणायचे तसे, म्हणते, "सर, पान उलटायचं राहिलं." मुले हसतात. तुम्ही पुस्तक मिटता, मला पुढे बोलावता आणि उरलेला धडा मला वाचायला लावता. संध्याकाळी ओसरीवर तुम्ही मला एवढेच म्हणालात, "दुसऱ्याची चूक दाखवायला हुशारी लागत नाही." त्यानंतर पावसाळी दिवशी धडा वाचायला तुम्ही नेहमी मलाच उभे केलेत. आधी मी ती शिक्षा समजले, मग मान समजले. शिष्यवृत्तीत पहिली आले तेव्हा तुम्ही मला शाईचे पेन न देता तीन सेलची बॅटरी दिलीत. मी रुसले होते. वाचनालयातून परतताना तुम्ही रोज मला न्यायला यायचा. "पोरीच्या जातीनं एकटं येऊ नये, मी सोबतीला येतो," म्हणायचा, आणि वाटभर तुमचा हात माझ्या खांद्यावर असायचा. आता मला वाटते, सोबत कोण कुणाची करत होते? 

आणि आईचे ते अखंड बोलणे आठवते का? स्वयंपाकघरातून तिचे चालूच असायचे. "दाराशी बादली आहे हं." "पाट आज भिंतीकडे मांडलाय." "तांब्या डाव्या हाताला ठेवलाय, गरम आहे." मी पुस्तकातून डोके न काढता वैतागायचे. कुणी न विचारता ही बाई घरातल्या प्रत्येक वस्तूचा पत्ता का सांगते, असे मला वाटायचे.

सप्टेंबरमध्ये मी नेत्रतज्ज्ञांची वेळ घेतली. फोनवरची बाई म्हणाली, डोळ्यांत थेंब घालतील, नंतर काही तास नीट दिसणार नाही, सोबत कुणाला तरी घेऊन या. मी हो म्हटले आणि दुसऱ्या दिवशी फोन करून वेळ कॅन्सल केली. सोबत न्यायचे म्हणजे कारण सांगायचे. सांगितले की ते खरे होणार. आंतरजालावर मी वाचले आहे, अण्णा. असे आजार घराण्यातून येतात, आधी संध्याकाळ जाते, मग कडा, मग हळूहळू मधले. वाचल्यावर मी खिडकीशी जाऊन बराच वेळ नुसती माझ्या प्रबंधाची पाने चाळत बसले.

शेवटचा सामना ऑक्टोबरात झाला. जो जिंकेल तो वरच्या गटात जाणार होता. मैदानाभोवती गाड्या लावून कुटुंबे बसली होती. गोल झाला की गाड्यांचे हॉर्न वाजवायचे, ही त्यांच्या गावाकडची रीत. आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि सूर्य झाडांच्या मागे गेला होता. माझ्या समोर माणसांचा घोळका कोसळला, त्यातून आमच्या एकाने चेंडू लाथाडला, आणि तो माझ्या डोक्यावरून, दोन खांबांच्या बरोबर मधून गेला. चेंडू मला दिसला. त्याच क्षणी हॉर्न वाजू लागले आणि दुसरा कुठलाच आवाज ऐकू येईना. आमचे खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते. समोरच्या संघाचा एक जण माझ्या उजव्या हाताला, अगदी जवळ, बोट उंचावून 'टच्ड, टच्ड' म्हणत होता. तो तिथे होता, हेच मला त्याच्या आवाजाने कळले.

मैदानातला पंच निवृत्त इंजिनिअर आहे, सगळे त्याला म्हातारबा म्हणतात. तो घोळक्यामागे अडकला होता. धापा टाकत माझ्याजवळ आला आणि त्याने विचारले, "मला माणसांच्या पाठीच दिसल्या. हात लागला का?"

आयुष्यात मला येत नाही असे मी एकाही शिक्षकाला म्हटलेले नाही. आतल्या आत शक्याशक्यता मोजत होते, आणि सगळा हिशेब दोन निशाणांच्या बाजूने झुकत होता. मग मला तुमचे न उलटलेले पान दिसले.

"मला दिसले नाही," मी इंग्रजीत म्हणाले.

"चेंडू?"

"चेंडू दिसला. त्याचा हात दिसला नाही. तो माणूसच दिसला नाही."

म्हातारबाने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले. "मग एक," तो म्हणाला. मी एक निशाण हलवले. दूरवरच्या टोकाला एक पांढरे निशाण हलले. ते मला अतिशय स्वच्छ दिसले. थोड्याच वेळात शिटी वाजली आणि आम्ही हरलो. आमचा कप्तान कोट परत घ्यायला आला. "तू तर तिथेच उभी होतीस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर सोपे गेले असते. नुसते आश्चर्य होते.

गाडीपर्यंतचा रस्ता खडीचा आणि अंधारा होता. मैत्रीण पट्ट्यांचा डबा घेऊन पुढे निघाली, तेव्हा मी म्हटले, "थांब, एकटी नको जाऊस, मी येते सोबतीला," आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती थांबली. मग नेहमीपेक्षा सावकाश चालली.

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी तुम्ही सायकलवरून येत होता, उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी होती, तिला मागे दिवा नव्हता. सगळ्यांनी तेच सांगितले आणि ते खोटे नव्हते. तुमची बॅटरी गवतात पेटलेली सापडली, हेही सांगितले. या गावाचे नाव साखरेवरून पडले आहे, पण इथे कुठे ऊस नाही म्हणून मी वेड्यासारखी निर्धास्त होते. येत्या गुरुवारची मी नेत्रतज्ज्ञांची पुन्हा वेळ घेतली आहे. सोबत येशील का, हे मैत्रिणीला विचारायचे वाक्य मी पाठ केले आहे. पाठांतर तुमच्याकडूनच आले असावे. हे पत्र आईच्या पत्त्यावर टाकता आले असते, पण तिने ते वाचू नये असे वाटते, आणि तिला हे सारे आधीपासून ठाऊक असेल असेही वाटते. म्हणून ते प्रबंधाच्या कागदांखाली ठेवणार आहे.

आत्ताच स्वयंपाकघरातून मैत्रिणीने हाक मारली. "जेवायला ये गं. डिशवॉशरचं दार उघडं आहे हं, अन् खुर्ची डाव्या हाताला सरकवली आहे." ती असे कधीपासून सांगू लागली, ते माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी "आले" म्हणाले आहे, अण्णा, पण अजून उठलेले नाही.