शी इज द विडो

शिरपूर

प्रिय ऋतिका,

सवयीनं ‘प्रिय’ लिहून बसले, आता खोडत नाही. तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. बोलले असते तर आवाज चढला असता आणि तो शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांनी ऐकला असता.

गेल्या वर्षीचा तो मंगळवार तुला आठवतही नसेल. जळगावच्या तुझ्या क्लासमध्ये आम्ही चाळीसजण शिक्षक भरतीची तयारी करत होतो. ‘माझी आई’ या विषयावर तू इंग्रजीत निबंध लिहून घेतलास आणि नेमका माझा कागद उचललास. मी लिहिलं होतं, ‘शी इज द विडो.’ तू चष्मा वर सरकवून म्हणालीस, “द विडो? जगात ही एकच विधवा आहे का?” वर्ग हसला. हशा तुला आवडला, म्हणून तू पुढचं वाक्य शोधलंस. “वर्क्स इन फार्म! फार्मच्या आधीचं आर्टिकल कुठं गेलं? बाईच्या आधीच निंदायला गेलं का?” पुन्हा सगळे हसले.

चूक माझीच होती. ‘अ’ कुठं, ‘द’ कुठं, मला कळत नव्हतं; तेच शिकायला आले होते. पण ती विधवा कोण, हे त्या खोलीत आपल्या दोघींनाच माहीत होतं. लहानपणी पारोळ्यात तुझी आई नोकरीवर जायची तेव्हा तू रोज दुपारी आमच्याकडे जेवायचीस. माझ्या ताटातली कळण्याची भाकरी ओढून घ्यायचीस, आणि माझी आई मलाच दटावायची. तिच्यावर तू चाळीसजणांना हसवलंस.

दुसऱ्या दिवसापासून मी आले नाही. मयुरीला झेपलं नाही, असं तू सगळ्यांना सांगितलंस.

मी घरीच बसले. एका संध्याकाळी आई शेजारच्या पोरींना गोष्ट सांगत होती, “एक बाई व्हती. ती बाई वावरमा गई.” माझ्या हातातला पेन थांबला. आधी ‘एक’, ओळख झाली की ‘ती’. एवढंच होतं ते. बाकीचे नियम नंतर घोकून घोकून पाठ केले, पण गाठ तिथं सुटली. आठ महिन्यांनी परीक्षा पास झाले. आता सातपुड्यातल्या आश्रमशाळेत इंग्रजी शिकवते. परवा एक मुलगी सूर्याला ‘अ सन’ म्हणाली आणि वर्ग हसला. मी टेबलावर इतक्या जोरात डस्टर आपटलं की पोरी घाबरल्या. नंतर मलाच वाईट वाटलं. तो राग त्यांच्यावरचा नव्हता.

आणि आता जळगावच्या स्टँडबाहेर तुझ्या क्लासचा फ्लेक्स लागलाय. त्यावर माझा फोटो, खाली ‘आमची यशस्वी विद्यार्थिनी’. मी कधी दिला तुला हा फोटो? आईनं तो बसमधून पाहिला आणि घरी येईपर्यंत रडत होती, आनंदानं. ऋतिकानं पोरीला घडवलं म्हणते. त्या मंगळवारचं मी तिला काहीच सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. येत्या रविवारी ती पेढे घेऊन तुझ्या क्लासवर येतेय, तुझ्या पाया पडायला. फ्लेक्स सोमवारी उतरव. रविवारी मात्र तिला वाकू देऊ नकोस. वर्ग भरलेला असेल, त्या सगळ्यांदेखत तू तिच्या पाया पड.

तुझीच म्हणवत नाही,
मयुरी