डॉन एवारिस्तोंचा आवाज मागच्या रांगेत

ताकुआरेंबो, ऑक्टोबर, बुधवार

तीर्थरूप निदियामावशीस,

तुला, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आणि परसातल्या कोंबड्यांना विल्मारचा मनापासून नमस्कार. इकडे आम्ही मजेत आहोत (आम्ही म्हणजे मी एकटाच, पण पत्रात एकवचन फार केविलवाणं दिसतं). डावा गुडघा आता वळतो का? रक्तदाबाची गोळी घेतेस ना? घेच. हे पत्र वाचायच्या आधी तर नक्की घे. कारण मावशी, मी जिंकलोय!

तुला माहीतच आहे, डॉन एवारिस्तोंच्या लिलावघरात मी कॉम्प्युटर, कॅमेरे आणि तारा सांभाळतो. गुरं तिकडे कुरणात, गिऱ्हाइकं आपापल्या घरी हातात माते-चहाचा पेला घेऊन पडद्यासमोर, बोलीसाठी कानाला आमच्या फोनयंत्राची लाइन, आणि मध्ये डॉन एवारिस्तोंचा तो आवाज. पण सप्टेंबरपासून त्या आवाजाला ग्रहण लागलं होतं. चित्र झकास, आवाज तुकड्यातुकड्यांनी. मागच्या लिलावात रिव्हेरातल्या एका म्हाताऱ्याला नुसतं "बघा, कसा देखणा" एवढंच ऐकू आलं, मग शांतता, आणि एकदम "विकला!" त्याने फोन करून मालकांची खरडपट्टी काढली, "अहो, काय देखणं होतं आणि कुणाला विकलंत?" मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "विल्मार, मंगळवारी वर्षातला वळूंचा मोठा लिलाव आहे. पुन्हा माझा आवाज गिळला गेला, तर बुधवारी तू दुसरीकडे जेवायला बसायचंस."

आता सोमवारपर्यंत मी काय काय केलं ते विचारू नकोस (विचारलंस तरी सांगतोच). सगळ्या तारा बदलल्या. राउटर तीनदा बंद करून चालू केला. लाइन देणाऱ्या कंपनीतल्या एका बाईंशी दोन तास भांडलो. त्या शेवटपर्यंत इतक्या गोड बोलल्या की मीच माफी मागून फोन ठेवला. छपरावर चढलो, तर अँटेनावर होर्नेरो पक्ष्याने मातीचं घरटं बांधलेलं. त्याचा काही दोष नव्हता, पण त्याने मला चोच मारली. आणि मंगळवारी सकाळी, गिऱ्हाइकं जमायला दोन तास असताना, मला अक्कल आली. आपण राउटरला विचारलंच नाही, की बाबा, तू कुणाला कुठल्या रांगेत उभं करतोयस?

तू दवाखान्यात नर्स असताना दारात उभी राहून ठरवायचीस ना, छातीत दुखणारा आधी आत, खोकलेवाला नंतर, आणि नुसता गप्पा मारायला आलेला सगळ्यात शेवटी? राउटरही तेच करतो. आवाज पहिल्या रांगेत, चित्र दुसऱ्या, बाकी सटरफटर शेवटी. प्रत्येक रांगेतून किती माल गेला याचा आकडाही तो दाखवतो. मी मालकांना म्हटलं, "ओरडा." ते माइकसमोर बेंबीच्या देठापासून ओरडले. शेवटच्या रांगेचा आकडा धावत सुटला! आणि आवाजाच्या रांगेत? तिथेही माल चालला होता, पण मालक धापा टाकत गप्प झाले तरी तो थांबेना. म्हणजे पहिल्या रांगेत भलतंच कुणीतरी बसलं होतं!

पहिल्या रांगेत कुणाला घ्यायचं, तो नियम उघडून वाचला. त्यात फोनयंत्राचा पत्ता लिहिला होता, पण जुन्या यंत्राचा. ते ऑगस्टमध्ये मोडीत गेलं, नव्याला नवा पत्ता मिळाला, आणि नियम बदलायचा राहिला (कुणाचा राहिला, या खोलात आपण जायला नको). मोकळा झालेला जुना पत्ता राउटरने आपणहून देऊन टाकला स्वयंपाकघरातल्या टीव्हीला. मावशी, आमच्या स्वयंपाकीणबाई डोन्या ओतिलिया मटण भाजता भाजता त्यावर एक तुर्की मालिका बघतात. दोन महिने त्या नायिकेचा एकेक हुंदका पहिल्या रांगेतून राणीसारखा येत होता, आणि डॉन एवारिस्तो सटरफटरात उभे होते!

मी पत्त्याचा नियमच काढून टाकला. फोनयंत्र आवाजाच्या प्रत्येक पुडक्यावर "मी आवाज आहे" असा शिक्का मारतं. तो शिक्का बघूनच आत सोड, असं राउटरला बजावलं. तोवर लिलाव सुरू झाला होता. पहिल्या रांगेचा आकडा मालकांच्या श्वासागणिक पळायला लागला! मी मागच्या खोलीत लांबचं गिऱ्हाईक बनून फोन कानाला लावला, आणि काय सांगू, त्यांनी पाणी प्यायलेलंसुद्धा ऐकू आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्यात डोन्या ओतिलिया पळी घेऊन दारात: "विल्मार, नवरी तोंड उघडून थिजलीय रे! हो म्हणते की नाही ते तरी कळू दे!" मी त्यांना मिठी मारली. सगळे वळू विकले गेले, मालकांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. असं सगळं छान झालं.

कोंबड्यांना गोंजार, स्वतःला जप, आणि मला विसरू नकोस.

तुझाच भाचा,
विल्मार

ता.क. तुझ्या मागच्या कुरणाचं कुंपण धड आहे ना? सहज विचारतोय.

ता.क. दुसरा. नोंदलेल्या गिऱ्हाइकाचं नाव दिल्याशिवाय यंत्र लिलावाच्या फोनवर घेत नाही. तू मागे तीन मेंढ्या घेतल्या होत्यास आणि तुझा ओळखपत्राचा नंबर मला पाठ आहे, म्हणून तपासणीपुरतं तुझं नाव टाकलं. आवाज स्वच्छ आला तसा मी आनंदाने "हो! हो! हो!" असा ओरडलो. तोही तिकडे तितकाच स्वच्छ पोचला. पहिल्या "हो"ला बोली लागली, पुढच्या दोन "हो"नी मी ती माझ्यावरच चढवली, आणि हातोडा पडला. हेरफोर्ड जातीचा वळू आहे, तीन वर्षांचा, स्वभावाने तुझ्यासारखाच, म्हणजे चांगला. ट्रक पुढच्या गुरुवारी पोचेल. पैशांचं मी बघतो, तू फक्त फाटक उघड.

ता.क. तिसरा. परत पाठवायचा विचार मनात आला असेल, तर मालकांचं म्हणणं कळवतो: वळू परत आला की विल्मारही घरी गेला. आणि तुझ्याशिवाय मला कुठलं घर, मावशी? तेव्हा दोघांपैकी एकाला तुला ठेवून घ्यावंच लागेल. नीट विचार कर. वळू फक्त गवत खातो.